आपली बॅग

द्वारका चौकाजवळचा तो बॅगा दुरुस्त करणारा कुणाच्याही बॅगेला 'आपली बॅग' म्हणतो. मला ते खटकायचं. क्रूझला जायच्या आधी त्याने माझ्या बॅगेचं चाक बदललं आणि म्हणाला, "आता भरून आणा." आणली, तर ती घेऊन मला शेजारचा जिना चढायला लावला. चौथ्या पायरीवर दम लागला. "ताई, दोन साड्या काढा. आपली बॅग आपल्याला उचलता आली पायजे."

बोट मुंबईला लागली तेव्हा सामान आदल्या रात्रीच बोटीवरच्या कर्मचाऱ्यांकडे सोपवलेले लोक ते मिळेपर्यंत ताटकळत बसले. बॅग हातात असलेल्यांना आधी सोडलं, त्यांत मी सगळ्यांत पुढे.

परत आल्यावर बॅग दाखवत त्याला सांगितलं. त्याने चाक कानाशी धरून फिरवलं, मग चहावाल्याला हाक मारली, "ऐकलं का, आपली बॅग बोटीतून पयली उतरली."

मी मान डोलावली. आपलीच होती.