वेणीवालीचं पुढे काय झालं

धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर मी दोन वर्षं जवळजवळ रोज सकाळी उभी राहिले, पण गाडीत बसले ती फक्त शनिवारी. बाकीचे दिवस मी डब्याची वाट बघत असायचे. साक्रीच्या बाजूला आमचं गाव. तिथून सुटणाऱ्या पहिल्या गाडीत माय माझा डबा कंडक्टरच्या हवाली करायची आणि तो धुळ्याला दार उघडता उघडता ओरडायचा, “कॉलेजवाली ताई, भाकरी आली!” सगळा स्टँड वळून बघायचा. पहिला महिनाभर मला लाज वाटली. मग भूक वाढली आणि लाज गेली.

मेस परवडत नाही, असं मी मैत्रिणींना सांगायचे. ते अर्धंच खरं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कशीबशी मेसची सोय केली असती. डब्याचा हट्ट माझाच, कारण मेसचे वाचले की पुस्तकांसाठी तोंड उघडायला जागा राहायची. मला वाचनाची आवड होती असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. खरं म्हणजे मी वाचनाच्या बाबतीत अधाशी होते. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, काहीही चालायचं.

अभ्यासाची पुस्तकं पुढच्या वर्गातल्या मुलींकडून निम्म्या किमतीत घ्यायची आणि घेताना आधी खुणा किती आहेत ते बघायचं. एकीने अर्थशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक ओळीखाली रेघ मारली होती. बिचारीला सगळंच महत्त्वाचं वाटलं असावं. कच्च्या लिखाणाला लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. रिक्षा फक्त सामान असेल तेव्हा. माझी खोलीतली मैत्रीण जामनेरची, घरी बऱ्यापैकी शेती, पण ती साबणाची वडी दोऱ्याने कापून अर्धीच बाहेर काढायची. तिच्यापुढे मी उधळी ठरत होते.

गाडीला उशीर झाला की मला बरं वाटायचं. स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभं राहून मी एखाद्या मासिकाची चार पानं उरकायचे. स्टॉलवाले काका चष्म्यावरून बघायला लागले की मी विचारायचे, “पुढचा अंक कधी येणार?” “हा अंक सोडलात की येईल,” ते म्हणायचे. पण हातातून मासिक त्यांनी कधी ओढून घेतलं नाही.

माय भाकरी फडक्यात बांधायची आणि फडक्यावर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायची. कागद गावातल्या किराणा दुकानाच्या रद्दीतला, कित्येक आठवड्यांचा जुना. मी आधी कागद वाचायचे, मग भाकरी खायचे. शिळे कापसाचे भाव वाचले, अनोळखी माणसांच्या निधनवार्ता वाचल्या आणि कधी कधी हळहळलेसुद्धा. असाच एक दिवस रविवारच्या पुरवणीचा तुकडा आला. त्यावर एक चालू कादंबरी होती. खेड्यातली एक मुलगी घरच्यांचा विरोध पत्करून मास्तरीण व्हायला तालुक्याच्या गावी जाते, अशी गोष्ट. मुलगी घराचा उंबरा ओलांडते आणि कागद संपतो. कॉलेजच्या वाचनालयात पुरवण्या टिकत नसत, कुणी ना कुणी त्या पिशवीत घालून न्यायचं. मी तो दिवस चडफडत काढला.

शनिवारी घरी गेल्यावर मी तो तुकडा मायला दाखवला. मायला वाचता येत नव्हतं. कुठे अंगठा द्यायची वेळ आली की ती नंतर कितीतरी वेळ तो पदराला पुसत बसायची. पण गोष्टीच्या डोक्यावर एक चित्र होतं, दोन वेण्या घातलेली मुलगी. “ही वेणीवाली दिसली तर तो कागद फाडू नको,” एवढंच मी तिला सांगितलं.

पुढच्या आठवड्यापासून वेणीवाली यायला लागली. चित्र दर वेळी वेगळं असायचं, पण माय तिला वेण्यांवरून बरोबर हुडकायची. दुकानदाराची सगळी रद्दी ती उपसते आणि बदल्यात त्याला वालाच्या शेंगा देते, हे मला नंतर कळलं. रद्दी काही क्रमाने येत नाही. वेणीवालीचे वडील एका बुधवारी वारले आणि पुढच्या सोमवारी खोकत बसले होते. मी सगळे तुकडे भागांच्या आकड्यांप्रमाणे लावून उशीखाली ठेवायचे. त्यांना चटणीचा वास होता.

शनिवारी संध्याकाळी माय चुलीपुढे भाकरी थापायची आणि विचारायची, “मंग? फुडे काय व्हयनं?” मी सांगायचे. सुरुवातीला मला वाटलं, लेकीचं मन राखायला विचारते. एकदा परीक्षा जवळ आली होती म्हणून मी एक अख्खा भाग दोन वाक्यांत गुंडाळला. मायचा हात थांबला.

“तू लबाडी करी ऱ्हायनी. ती हिरीवर काबरं बशेल शे, ते तू सांगंच नही.”

त्या भागाच्या चित्रात वेणीवाली विहिरीच्या काठावर बसली होती. डब्याला गुंडाळण्याआधी माय प्रत्येक चित्र नीट बघून ठेवत होती आणि माझी परीक्षा घेत होती. मी मुकाट्याने पहिल्यापासून सांगायला बसले. मला हसू आलं आणि आतून वाईटही वाटलं. घरात वाचनाची भूक असलेली मी एकटीच नव्हते आणि हे कळायला मला अख्खं वर्ष लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर नानांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. मुलगा जळगावला एका ऑफिसात नोकरीला होता. माणसं चांगली, देणंघेणं नाही, फक्त लग्न उन्हाळ्यातच हवं आणि मुलीने पुढे शिकायचं नाही. “पोऱ्या नोकरीले शे, बठ्ठं घर चांगलं शे. आजून काय पाह्यजे?” नाना म्हणाले. मायने नानांसमोर तोंड उघडायची पद्धतच नव्हती. ते आले की ती पदर पुढे ओढून स्वयंपाकघरात जायची. नानांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. तिसऱ्या रविवारी येऊन होकार घेऊन जातो म्हणाले.

मला बी.ए. पूर्ण करायचं होतं. एवढीच इच्छा होती, पण ती मोठ्याने बोलायची हिंमत नव्हती. मग मी वेणीवालीला वकील केलं. पुढच्या दोन शनिवारी गोष्ट सांगताना मी मनाचं बरंच घातलं. वेणीवालीला मूळ गोष्टीत जेमतेम मार्क होते, मी तिला पहिली आणली. तिच्या गुरुजींच्या तोंडी मी असं भाषण घातलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. माय ऐकत होती, भाकरी उलटत होती. तिच्या मनात काय आहे, काही अंदाज लागत नव्हता.

मुदतीच्या शुक्रवारी डब्यावर शेवटचा भाग आला. ‘समाप्त’ हा शब्द मला आधी दिसला. मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसून तो वाचला. वेणीवालीला एक सज्जन तरुण भेटला होता, घरच्यांनी मोठ्या मनाने तिला माफ केलं होतं आणि तिने आनंदाश्रू पुसत शाळा सोडली होती. वर चित्र होतं, मुंडावळ्या बांधलेल्या वेणीवालीचं. मला त्या लेखकाचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याच्या डोक्यात डबा घातला असता. इतके महिने मी त्याच्यामागे चटणीच्या वासाचे कागद गोळा करत फिरले आणि त्याने ऐनवेळी पक्ष बदलला. त्या दिवशी भाकरी तशीच फडक्यात राहिली.

शनिवारी घरी पोचले तेव्हा माय चुलीपुढे वाटच बघत होती.

“लगीन व्हई गयं ना तिनं?”

“तिचं नाही,” मी म्हणाले. “तिच्या बहिणीचं.”

“येन्या तर तिन्याच शेतस.”

चित्रातल्या वेण्या तिने नेहमीसारख्या ओळखल्या होत्या. मी खाली बघितलं. खोटं बोलायचा धीर संपला. मग मी तो भाग जसा होता तसा सांगितला. लग्न झालं, शाळा सुटली, सगळे सुखी झाले. आणि सांगता सांगता हेही सांगून टाकलं की पहिला नंबर मी लावला होता, गुरुजींचं भाषणही माझं होतं.

“ते माले समजनं व्हतं,” माय म्हणाली. तिने तव्यावरची भाकरी काढली, दुसरी थापायला घेतली. मग ती म्हणाली, “लिखनाराना कागद सरना व्हई. म्हनीन लाई दिधं लगीन.”

लिहिणाऱ्याचा कागद संपला म्हणून त्याने लग्न लावून टाकलं, एवढाच तिचा निकाल. मला वाटलं, विषय संपला. मी जेवून झोपायला गेले आणि जळगावला कॉलेजं आहेत तर निदान वाचनालयंही असतील, अशी मनाची समजूत घालत पडले.

रविवारी सकाळी नाना आले. ओट्यावर खाट टाकली होती, तिच्यावर बसले. आबा समोर खाली मान घालून उभे. नानांनी चहाचा घोट घेतला आणि होकार कळवण्याचं विचारलं, “मंग, कळाडू ना त्यासले?”

आबांच्या आधी दारातून आवाज आला. मायचा होता. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, एक हात चौकटीवर.

“नाना, पोरगीनं बी.ए. व्हई जाऊ द्या. मंग देखू.”

नाना तिच्याकडे बघतच राहिले. आबाही. नानांनी कप बशीत ठेवला, टोपी घातली आणि “तुम्हनी मर्जी” म्हणून उठून गेले. आबा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले, पण नानांना त्यांनी परत बोलावलं नाही.

मी आत धावले. माय धान्याच्या कणगीच्या आडोशाला भिंतीला टेकून बसली होती. पदर अजून तसाच पुढे होता आणि ती त्याला अंगठा पुसत होती. तिने माझ्याकडे वर बघितलं.

“मी जास्ती बोलनू का व?” तिने विचारलं.

मी तिच्याशेजारी बसले, तिचे हात माझ्या हातात धरले आणि रडत राहिले.