सिगारेट सुटली, चक्कर सुटेना

सिगारेट सोडून एकोणपन्नास दिवस झाले होते, आणि मामाला क्रेनच्या एका हुकाचे दोन दिसत होते.

साइटवर लहानथोर सगळेच त्याला मामा म्हणत. बारा मजल्यांएवढ्या उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून बावीस वर्षं तो सळ्या, विटा, काँक्रीटचे ठोकळे इकडचे तिकडे करत आला होता. भार असा अलगद टेकवायचा, की खाली उभ्या असलेल्या माणसाला तो टेकल्याचं मागाहून कळावं. त्याच्या हातावर लोक डोळे झाकून विसंबत.

सिगारेट सोडली तीही त्या हाताखातर. एकदा भार हवेत असताना खोकल्याची अशी उबळ आली, की लिव्हर हलला आणि सळ्यांची मोळी एका सुताराच्या डोक्यावरून हातभर अंतरावरून गेली. सुताराने वर बघून नुसता हात केला. मामाने त्याच दुपारी पाकीट चुरगाळून टाकलं. बायको म्हणाली, "बघू किती दिवस टिकतंय." पण तिन्हीसांजेच्या आत तिने शेजारच्या दोन घरी बातमी पोचवली होती.

पहिल्या आठवड्यात डोकं गरगरायला लागलं तेव्हा त्याला काही वाटलं नाही. सगळे सांगतच होते, की असं होतं म्हणून. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, "शरीराला सवय लागलेली असते, काका. महिनाभर कळ काढा." मामाने कळ काढली. तलफ आली की गोळी चघळायची, लिमलेटची, नाहीतर संत्र्याची. दिवसाला मूठभर. चहाही वाढला. तोंडाला सतत कोरड पडे, म्हणून पाण्याच्या तीन-तीन बाटल्या वर न्यायच्या आणि मग लघवीसाठी सारखं शिडी उतरून खाली यायचं. हेही सिगारेटमुळेच, असं त्याने धरून ठेवलं. महिना सरला. चक्कर तशीच राहिली आणि भरीस भर म्हणून नजरही धूसर व्हायला लागली. सकाळी चष्म्याची काच चार वेळा पुसायची, आणि मग लक्षात यायचं, की काच स्वच्छच आहे.

घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. सांगितलं तर बायको म्हणणार, आजच्या आज सुट्टी टाका. साइटवर कळलं तर केबिन जाणार. भोंगाला मात्र संशय आला होता. भोंगा म्हणजे खालून खुणा करणारा सिग्नलमन, मामाचा वीस वर्षांचा जोडीदार. आवाज असा, की वॉकीटॉकी बंद पडला तरी काम अडू नये.

"तुझी तब्येत बरी दिसत नाही," तो एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला आणि स्वतःचं पाकीट पुढे केलं. "एक झुरका मार. डोकं ठिकाणावर येईल. उगाच जिवाला त्रास कशाला?"

मामाने सिगारेट घेतली, ओढली नाही. खिशात ठेवली. त्या दिवसापासून ती खिशातच होती. ओढली तर सगळं थांबेल, असं रोज वाटायचं.

एकोणपन्नासाव्या दिवशी नवव्या मजल्यावर जिन्याचा तयार तुकडा चढवायचा होता. अडीच टनांचं काँक्रीट. वर तिघे जण पहारी घेऊन उभे होते. भार सहाव्या मजल्याच्या वर आला आणि मामाच्या डोळ्यांपुढे मजल्याची कडा विरघळली. तिघांचे सहा झाले, मग नुसत्याच हलत्या पिवळ्या टोप्या. केबिन एका बाजूला कलल्यासारखी वाटली.

त्याने लिव्हर मधोमध आणला. भार जागीच लोंबकळत राहिला.

"मामा, काय झालं?" वॉकीटॉकीवर भोंगा.

मामाने डोळे मिटले, उघडले. काही फरक नाही. डावा हात आपोआप खिशाकडे गेला, सिगारेटवर टेकला. दोन झुरके, आणि कदाचित दिसेल. कदाचित. खाली आणि वर मिळून तीस माणसं होती, आणि प्रत्येकाच्या कमरेला तोच वॉकीटॉकी, तेच चॅनल.

त्याने खिशातून हात काढला आणि बटण दाबलं.

"भोंगा, मला दिसत नाहीये."

वॉकीटॉकी खरखरला.

"अजिबात नाही?"

"सगळं पुसट. भार कुठे आहे तेही नीट कळत नाही. वरच्यांना मागे घे."

"घेतले." भोंगाचा आवाज कधी नव्हे इतका हळू झाला होता. "आता मी सांगतो तेवढंच कर. मागचा मोकळा पट्टा रिकामा करतोय. भार आधी आपल्याकडे ओढ. हळू... अजून... थांब. आता उजवीकडे वळव. सावकाश, घाई नाही. वाऱ्याने हलतोय, थांबू दे त्याला. हं. आता खाली."

मामाने बघणं सोडूनच दिलं. डोळे मिटून तो फक्त आवाजाकडे कान लावून बसला. बोटं आपली आपण चालत होती. भार उतरवायला एरवी चार मिनिटं लागतात, त्या दिवशी पंधरा लागली.

"टेकला," भोंगा म्हणाला. "ब्रेक लाव. जागचा हलू नकोस, मी येतोय."

पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला भोंगा धापा टाकत सगळी शिडी चढला, मामाच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्याच्या एक पायरी खाली राहून त्याला उतरवू लागला. "उजवा पाय. टेकला? आता डावा." अर्ध्यावर मामा म्हणाला, "तुझी सिगारेट माझ्या खिशात आहे." भोंगा म्हणाला, "गप उतर."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी बोटाला सुई टोचली. साखर चारशे वीस निघाली.

"सिगारेट सोडल्यावरची चक्कर बहुतेकांची दोन-चार आठवड्यांत जाते," त्या म्हणाल्या. "सात आठवडे राहिली, डोळ्यांपर्यंत गेली, तर दुसरं कारण शोधायचं. साखर तुमच्या अंगात आधीपासूनच वाढत असणार. लिमलेटच्या गोळ्यांनी आणि गोड चहाने तिला हातभार लावलात, आणि खापर फोडलंत सिगारेट सोडण्यावर."

"म्हणजे सोडल्यामुळे नाही?"

"नाही. पुन्हा सुरू केली असती तर हे कळायला अजून उशीर झाला असता."

मामा खुर्चीत मागे टेकला. सात आठवडे तो जे भांडण भांडत होता, ते भलत्याशीच होतं.

बायको रिक्षा करून दवाखान्यात आली. आजाराचं ऐकून ती घाबरली, पण रडली नाही. त्याला घेऊन घरी आली. दार लावल्यावर म्हणाली, "तीस माणसांना एका दमात सांगितलंत. मला सांगायला जीभ रेटली नाही?"

"तू काळजी करशील म्हणून" हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं. चार दिवस तिने ताट समोर आदळून वाढलं. पाचव्या दिवशी सकाळी विचारलं, "आज कसं वाटतंय?" सवयीने तो "बरं" म्हणणार होता. थांबला. म्हणाला, "उठताना गरगरलं. लांबचं अजून पुसट आहे." ती त्याच्याजवळ येऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी साखरेची औषधं सुरू केली, पण नवा चष्मा करू दिला नाही. साखर खाली येईल तशी नजर बदलत जाईल, म्हणाल्या. केबिन अर्थात गेली. साइट इंजिनिअर आधी भडकला, मग म्हणाला, "सांगितलंस म्हणून वाचलो." अडीच महिने मामा खाली सामानाच्या शेडमध्ये बसला. क्रेन दुसराच कोणी चालवत होता, थोडा धसमुसळा; मामाला बघवत नसे. आधी चक्कर गेली, मग पाट्यांवरची अक्षरं जुळायला लागली. डोळ्यांची आणि साखरेची तपासणी दोनदा झाली तेव्हा कुठे चढायची परवानगी मिळाली, तीही दर महिन्याच्या तपासणीच्या अटीवर.

पहिल्या दिवशी तो वर जाऊन बसला आणि वॉकीटॉकी खरखरला.

"दिसतंय का रे?" भोंगाने विचारलं.

"दिसतंय. टोपी घाल. टक्कल तापेल."

"बरं," भोंगा म्हणाला. "सळ्यांची मोळी बांधून तयार आहे. हुक सोड खाली."