जाकिटाच्या दोन टिपा

सतरा वर्षांपूर्वी एक पँट ढिली करून घ्यायला मी शेख गफूरसाहेबांच्या दुकानाची पायरी चढलो, ती आमची पहिली ओळख. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आहे आणि खरं सांगतो मंडळी, चित्त थाऱ्यावर नाही. परवा गुरुवारी नांदेडला त्यांच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट सोमवारी मिळणार, आणि संपादक मंडळींना लेख उद्या, रविवारीच हवा. जिवाला असा घोर लागलेला असताना गौरव कसा लिहावा, मला ठाऊक नाही. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या लोहा गावच्या बाजारपेठेत गफूरचाचांना न ओळखणारा माणूस नाही. त्यांनी शिवलेला सदरा फाटतो, उसवत नाही, असं लोक म्हणतात. मी तेव्हा बदली होऊन पंचायत समितीत कारकून म्हणून आलो होतो. प्रत्येक टेबलावर चहा, बाजाराच्या दिवशी गरम भजी, कुणाचा निरोप समारंभ, कुणाचा सत्कार. वर्षभरात पँटीचं बटण लागेना. चाचांनी टेप फिरवली, एका जाडजूड वहीत माझं नाव, तारीख आणि कंबर लिहिली आणि पँट ढिली करून दिली. आठ महिन्यांनी मी तीच पँट घेऊन पुन्हा हजर. त्यांनी ती घडी घालून माझ्या हातात परत ठेवली.

"वाघमारेसाहेब, माझ्या दुकानात कंबर एकदाच ढिली करून भेटते. पँट आता अशीच राहील. तुम्ही बदला."

"चाचा, वेळच मिळत नाही हो. सकाळी साहेबांचा दौरा, संध्याकाळी फायली."

"मग पोट वाढवायला कवा येळ काढला?"

मला रागच आला. म्हटलं, शिंपी तो शिंपी, आणि वर उपदेश! पुढच्या आठवड्यात मीटिंगसाठी नांदेडला गेलो, तेव्हा तिथल्या एका शिंप्याकडून गुपचूप पँट ढिली करून आणली. आणि माझं नशीब बघा, दोन दिवसांनी तीच घालून मी चाचांच्या दुकानात, सदऱ्याचं कापड द्यायला. त्यांनी चष्म्यावरून कंबरेच्या शिवणीकडे एकदा पाहिलं.

"ही टीप माझी न्हाई. कोणी मारली?"

चोरी पकडलेल्या पोरासारखा मी उभा. चाचा रागावले नाहीत. स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं आणि हळूच म्हणाले, "मला फसवून काय भेटतं साहेब? मी तर कापड शिवतो. आतलं तुमचं तुम्हालाच घेऊन फिरायचं हाय." मग विचारलं, घरी कुणाला साखरेचा त्रास? मी सांगितलं, वडील त्रेपन्नाव्या वर्षी गेले, हृदयविकारानं. साखर होती, पण उपचार करायला त्यांना कधी सवड झाली नाही.  वडिलांचा शेवटचा पोशाख शिवायला टाकलेला होता, तो आणायचा राहूनच गेला होता.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला रक्त तपासायला नेलं. मी दारातच अडखळलो तर म्हणाले, "नावात वाघ मारता आन् सुईला भिता?" साखर निघाली. मी घाबरलो, आमच्या सौ. रडल्या, आणि चाचांनी फक्त एवढंच विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता चालायला निघायचं?"

तो रमजानचा महिना होता. रमजानात शिंप्याच्या दुकानात काय गर्दी असते, हे लोह्याच्या मंडळींना सांगायला नको. कपड्यांचे ढीग छताला टेकतात. मी तेच म्हटलं, चाचा, तुमचे रोजे, ईदचं काम, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "मला येळ हाय. तुम्हाला न्हाई?" पूर्ण महिनाभर, पहाटेची नमाज झाली की हा माणूस रोजा धरून माझ्याबरोबर कंधार रस्त्यानं चालला. चालून त्यांच्या घशाला कोरड पडायची, बोलता यायचं नाही, म्हणून ते बोटानं पुढचं लिंबाचं झाड दाखवायचे. म्हणजे तिथपर्यंत चला. एक दिवस त्या झाडाखाली मला रडूच कोसळलं. दमल्यामुळे असेल, असं मी त्यांना सांगितलं.

आमचं हे चालणं बघून हळूहळू मंडळी जमली. शिक्षक आले, आडतवाले आले, एसटीतून निवृत्त झालेले दोन ड्रायव्हर आले. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांनी दुकानात यायचं, टेप लावून घ्यायची, हा नेम. एकाचं माप चाचांनी कधी दुसऱ्याला सांगितलं नाही. वही पुढे करायची, बोटानं आकडा दाखवायचा, बस्स. कुणाच्या पोटावर कुणी हसलं की मात्र त्यांचा आवाज चढायचा. "हासायचं असंल तर बाहेर हासा. हितं माणूस मोजून राहिलोय मी."

माझं म्हणाल तर मी काही आदर्श शिष्य नाही. पोरीच्या लग्नात दीड इंच परत आला. कोरडा चेहरा करून वहीपुढे उभा राहिलो, आता बोलणी बसणार म्हणून. चाचा म्हणाले, "आला तर आला. पाहुणा हाय. घर करू देऊ नका म्हणजे झालं." आज मी छप्पन्न वर्षांचा आहे. वडिलांपेक्षा तीन वर्षांनी मोठा झालो, हे रोज सकाळी बूट घालताना आठवतं.

आता ज्याचा घोर लागला आहे, ते सांगतो.

यंदा ईदच्या दिवशी शीरखुर्मा प्यायला आम्ही उभयता चाचांकडे गेलो. चाचा सदैव पायजम्यात. नाडी कितीही आवळली तरी बाहेर दिसत नाही. पण अंगात त्यांचं ते करडं जाकीट होतं, त्यांनीच शिवलेलं. ते वाटी द्यायला वाकले आणि जाकिटाच्या कडेला माझी नजर गेली. जुन्या टिपेची खूण, तिच्या आत एक नवी टीप, आणि तिच्याही आत आणखी एक. एवढी वर्षं त्यांच्या दुकानात बसून मीही थोडं शिकलो आहे. टीप त्यांचीच होती. म्हणजे जाकीट दोनदा आत घेतलं होतं.

वाटी मी तशीच खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ते दुपारच्या नमाजला गेलेले असताना मी दुकानातली वही उघडली. पहिलं पान त्यांचं स्वतःचं. दर महिन्याला आपलंही माप लिहिणारा हा माणूस. डिसेंबरपासून रकाना कोरा. आमची सगळ्यांची मापं मात्र न चुकता लिहिलेली!

ते परत आले, तसं मी विचारलं, "चाचा, ही टीप कधी मारली?"

"रोजे झाले न्हाई का आत्ताच? माणूस सुकतंच."

"रोजे आत्ता झाले. वही डिसेंबरपासून कोरी आहे."

ते मशीनकडे वळले. "लग्नसराई हाय साहेब. बघू पुढच्या महिन्यात. येळ कुठं हाय?"

मंडळी, सतरा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोललो होतो, त्याच दुकानात. 

आमच्या कचेरीत मार्चअखेर म्हणजे काय असतं, हे सरकारी माणसालाच कळेल. त्या आठवड्यात घरी मयत झालं तरी रजा मागायची लाज वाटते. मी गुरुवारची रजा टाकली. साहेब म्हणाले, "वाघमारे, डोकं ठिकाणावर आहे का?" म्हटलं, "साहेब, डोकंच ठिकाणावर नाही, म्हणून रजा." सकाळी सातला चाचांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तुमचा मार्चअखेर ना?" चाचा म्हणाले.

"मला वेळ आहे. तुम्हाला नाही?"

 ते आत गेले आणि चप्पल घालून आले. लातूरची त्यांची लेक शबाना पहिल्या गाडीनं परस्पर नांदेडला येऊन थांबली होती. तिला मीच फोन केला होता. तिला बघून चाचा मला म्हणाले, "लई चालू निघालात साहेब." रक्त दिलं, फोटो काढले, आणखी कसलं कसलं मशीन झालं. डॉक्टर काही बोलले नाहीत. डॉक्टरांचं ते न बोलणं मी दोन दिवस मनात उलटंपालटं करतो आहे.

परतीच्या एसटीत चाचा माझ्या खांद्याला टेकून झोपले. त्यांचं वजन जाणवलंच नाही, आणि मी लोह्यापर्यंत हललो नाही. उतरल्यावर मी हट्टानं त्यांना दुकानात नेलं, टेप हातात घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं माप घेतलं. "टेप आवळू नका, शिंप्याला शिकवायची येळ आणू नका," असं म्हणत ते हात वर करून उभे राहिले. पहिल्या पानावर मी आकडा लिहिला. सव्वातीन इंच कमी. चाचांनी तो वाचला आणि वही मिटली.

"भिऊ नका," ते म्हणाले.  त्यांनी जाकीट काढून उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. "बघा. जादा कापड कापलं न्हाई मी. समदं आत ठिवलंय."

चाचांच्या कार्याबद्दल इतर मान्यवर या ग्रंथात सविस्तर लिहितीलच. मला आज एवढंच मागायचं आहे. आपण सगळे कंबर कमी व्हावी म्हणून ज्यांच्या मागे चाललो, त्यांची कंबर आता वाढू दे. रिपोर्ट काहीही येवो, दर तपासणीला मी बरोबर असेन, मग मार्च असो की मे. चाचांना उदंड आयुष्य लाभो, अन्न गोड लागो, अंगी लागो. येत्या ईदपर्यंत त्या दोन्ही टिपा त्यांनी आपल्याच हातानं उसवाव्यात, आणि ते जाकीट घालून, पोट जरा पुढे काढून, आम्हाला लिंबाच्या झाडापर्यंत न्यावं.