गरम पाण्यातली मेहनत

भीमेच्या ह्या काठाला दौंड तालुका, त्या काठाला शिरूर, आन् दोन्हीकडं मिळून माझ्यासारखा पवणारा न्हाई, असं मी गावात सांगत फिरायचो. ज्या होडीवाल्यानं मला केसाला धरून पाण्यातनं वर काढलं, तो मातुर असं कवाच म्हणला न्हाई.

ही पूल व्हायच्या आधीची गोष्ट. गावात नुकतीच केबल आली हुती. आमचा देव नदीपल्याड, शिरूरच्या हद्दीत. पौषातल्या पुनवेला जत्रा. पालखी होडीत चढायच्या आधी एका माणसानं पवत नदी पार करायची. डोक्याला मुंडासं, मुंडाशात भंडाऱ्याची पुरचुंडी, आन् ती कोरडी ठाक देवाच्या पायरीवर ठेवायची. मग पल्याड ढोल वाजायचा आन् मगच हिकडनं पालखी हलायची. हा मान माझ्या मामांच्या घरचा. त्येंच्या बापाचा, आज्याचा. मामांना पोरगा न्हाई, पोरी लगीन होऊन गेलेल्या. त्या साली त्येंचा गुडघा धरला, आन् मान घरात ऱ्हायचा तर मीच एक उरलो. ल्हानपणापासनं त्येंच्याच घरात वाढलेलो. शाळंत काय जमलं न्हाई. पवायला म्हशीनं शिकवलं, तिची शेपटी धरून. मास्तर म्हणून तीच एक.

दसरा झाला आन् मामा म्हणले, "उद्यापासनं पहाटं नदीत उतरायचं. आधी गुडघ्यापतुर, मग पोटापतुर. छातीला पाणी लागलं की दम वर पळतो, त्याला धरून ठेवायला शीक. पवायचं मागनं."

"मामा, पवाय येतंय की मला."

"पवाय येतंय रं. गारठ्यात येतंय का?"

एक दिवस गेलो. पोटापतुर पाणी आलं आन् मला जल्मापासनंची सगळी पापं आठवली. माघारी आलो आन् गोधडीत शिरलो.

मी तवा साखर कारखान्यात हंगामी कामाला. कारखान्याच्या मागं एक तळं हुतं. यंत्रावरनं फिरून आलेलं गरम पाणी तिथं निवायला सोडायचे. थंडीत त्याच्यावर अशी वाफ, जशी काय तळ्याखाली चूलच पेटलीय. पाळी सुटली की समदे तिथं आंघुळीला. पाण्याला मळीचा वास, पण ऊब अशी की जावयाला सासुरवाडीत मिळायची न्हाई.

मी म्हणलं, नदी काय, तळं काय, पाणी ते पाणी. रोज तिथंच पवायला लागलो. हातपाय कसे सुटे व्हायचे, तेल दिलेल्या चाकावानी. ह्या टोकाचा त्या टोकाला सपासप. थोड्या येळानं तोंड लाल व्हायचं, कान वाजायचे, डोकं गरगरायचं. बाहेर येऊन पडलो की लगीच झोप. मला वाटायचं मेहनत अंगी लागतीय. खरं म्हंजी मी शिजत हुतो. आमचा मुकादम म्हणायचा पण, "बाहेर ये रं, भरीत व्हईल तुझं."

मामा इचारायचे, "रोज पवतो न्हवं?"

"व्हय, रोज."

कुठं, ते त्येंनी कवा इचारलं न्हाई. भाच्यावर इस्वास.

जत्रंची पहाट झाली. मामा दरसाली नदीच्याच पाण्यानं आंघुळ करून निघायचे. मी मामीला म्हणलं, बंब पेटव, चांगलं कडक पाणी दे, अंग मोकळं झालं पायजे. अंगातनं वाफा निघंस्तवर न्हालो. मामीनं ओवाळलं. मामांनी सोताच्या हातानं पुरचुंडी मुंडाशात बांधली, गाठ दोनदा वढून बघितली. मग लंगडत माझ्यासंगं काठापतुर आले.

मामा पायरीपायरीनं उतरायचे. मी दगडावर चढलो आन् सूर मारला, लोकांना दिसावं म्हणून. डोकं तेवढं वर ठिवलं.

पाणी छातीला लागलं आन् कुणीतरी बुक्की घातल्यावानी झालं. तोंड आपसूक उघडलं, हाऽ हाऽ करत दम आत घेतोय, पर बाहेर सोडायला जमंना. एक घोट पाणी आत. बोटं लाकडागत. तळ्यात सपासप चालणारे हात हे दुसऱ्याचंच कुणाचं तरी. मधी गेलो न्हाई तवर पोटरीत गोळा आला. डोकं खाली गेलं, मुंडासं सुटलं आन् भंडारा माझ्या तोंडावरनं वाहिला. होडीवाल्यानं वर काढलं तवा तोंड पिवळं, ओठ निळं, दात वाजायलेत.

काठावरनं एकजण वराडला, "अरं, नवरदेवाला हळद लागली, आता नवरी बघा!"

समदे हसले. मीबी हसायला बघितलं, पर जबडाच हलंना.

पल्याड ढोलवाले वाट बघत उभे. पालखी खोळंबलेली. मामांनी सदरा काढला, धोतर खोचलं. लोकांनी धरलं, "आप्पा, गुडघा हाय तुमचा, जाल तिकडंच." मामांनी सदरा परत अंगात घातला. मग खालच्या आळीचं एक तरणं पोरगं हुतं, रोज नदीत जाळी टाकणारं, त्याला म्हणले, "जा रं तू." नवी पुरचुंडी त्याच्या डोक्याला मामांनीच बांधली. गाठ दोनदा वढून बघितली. ते पोरगं शांत उतरलं, कमरेला पाणी लागल्यावर जरा थांबलं, मग गेलं. ढोल वाजला. त्या दिवसापासनं मान खालच्या आळीला.

मामांनी माझ्या अंगावर घोंगडं टाकलं आन् लंगडत घरला गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फुडं जत्रंला ते काठाला आलेच न्हाईत, गोठ्यात बसून ऱ्हायचे. ढोलाचा आवाज तिथंबी यायचाच.

फुडल्या दसऱ्याला मी नदीत उतरायला लागलो. खरंच. आधी गुडघा, मग पोट. पयल्यांदा दम पळायचा. रोज थोडा कमी पळायचा. दिवाळी सरता सरता छातीला पाणी लागलं तरी दम जागच्या जागी ऱ्हायला लागला. एक दिवस मी पल्याड गेलो आन् आलोबी. तसाच कुडकुडत, वल्या चड्डीवर घरी पळत आलो. मामा ओट्यावर बसलेले.

"मामा! गेलो आन् आलो! डोकंसुदीक भिजलं न्हाई!"

"बरं झालं," मामा म्हणले आन् उठून बैलाला वैरण टाकाय गेले.

मी चुलीफुडं बसलो. मामी भाकरी थापत हुती. म्हणलं, "मामी, पंचांना सांगू या. आता जमतंय मला. मान परत द्या म्हणावं."

मामीनं भाकरी तव्यावर टाकली. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

"तुला मान पायजे हुता, गार पाणी नको हुतं. आता गार पाणी गावलंय, ते घे आन् गप बस. आन् चुलीफुडनं सरक, भाकरीवर पाणी गळतंय."