दहा खेपांची सरासरी

सकाळपासून आठव्यांदा जाळं वर आलं, तेही रिकामंच. अंटार्क्टिकाच्या या समुद्रात आम्ही क्रिल मोजतो. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा बोटाएवढा जीव, देवमाशांचं जेवण. उपग्रहाच्या चित्रात इथलं पाणी सूक्ष्म शेवाळाने सलग हिरवं दिसतं, म्हणजे क्रिलला खायला भरपूर. प्रत्यक्षात बादलीत नुसतं थंड पाणी, आणि माझे दुखरे हात.

जहाजावरचे आचारी बाबूकाका मालवणचे. बादलीत डोकावून म्हणाले, "आमचो जवळो पण असोच, ताई. एका होडयेक टोपलीभर गावता, बाजूच्या होडयेक नुसता पाणी."

नवव्या खेपेला जाळं तिघांना आवरेना. बादल्या पुरल्या नाहीत, डेकवर गुलाबी वळवळ पसरली. दहाव्या खेपेला पुन्हा पाणी.

संध्याकाळी मी तक्त्यात दहा खेपांची सरासरी लिहिली. तिच्यावरून वाटावं, या समुद्रात सगळीकडे थोडं थोडं क्रिल आहे. असा समुद्र मला दिवसभरात कुठेच भेटला नव्हता. देवमाशालाही भेटत नसावा. तो मैलोन्मैल रिकाम्या पाण्यातून पोहत राहतो आणि एखाद्या दाट घोळक्यात पोट भरून घेतो. मधल्या पोहण्याने तोही थकत असेल.

मग आईचा फोन आला.

"कशी आहेस?"

"बरी आहे," मी म्हणाले. तीन महिने हेच सांगते आहे.

ती म्हणाली, "ते रोजचंच झालं. आज कशी आहेस, ते सांग."