उजवीकडच्यासाठी प्रार्थना

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

सोमवारी सकाळी आजी फोन का उचलत नाही, असं तुम्ही मागच्या व्हिडिओ कॉलवर विचारलंत. तेव्हा मी "पाहुणे असतात" एवढंच म्हणून वेळ मारून नेली. पण तुम्ही आता मोठी झाला आहात, म्हणून नीट लिहिते.

चर्चच्या पाळकांचा रविवार उपासनेच्या कामात जातो, त्यामुळे त्यांची सुट्टी सोमवारी. तुमचे आजोबा पाळक होते. ते गेल्यावर त्यांची पुस्तकं चाळायला तीन तरुण पाळक आपल्या नगरच्या घरी येऊ लागले. एक कोपरगावचा, एक घोडेगावचा आणि एक जामखेडचा. पुस्तकं फारशी उघडली गेली नाहीत. चहा-पोहे व्हायचे, कालच्या उपदेशाची एकमेकांकडून खरडपट्टी निघायची आणि शेवटी साखळी प्रार्थना. म्हणजे गोल बसायचं आणि एकामागून एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. नियम त्यांनीच केला होता: स्वतःसाठी काही मागायचं नाही. आपल्या उजवीकडे जो बसला असेल, त्याच्यासाठीच मागायचं. चौथी खुर्ची माझी.

कोपरगावचा भारी बोलका. माझ्यासाठी त्याची प्रार्थना अशी: "प्रभू, बाईंच्या गुडघ्यांना आराम दे, आन् चहात साखर कमी घालायची बुद्धी दे." मी डोळे मिटूनच त्याला दटावत असे.

एका वर्षी पावसाळ्यात जामखेडच्या पाळकाच्या मंडळीतल्या, म्हणजे त्याच्या चर्चमधल्या, एका मुलीला साप चावला. दवाखान्यात नेताना जीपमध्ये हा तिचा हात धरून वाटभर मोठमोठ्यानं प्रार्थना करत होता. मुलगी वाचली नाही. तेव्हापासून त्याला मोठ्यानं प्रार्थना करता येईना. उपासनेत तो उपदेश लिहून आणून वाचायचा आणि प्रार्थना मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना करायला सांगायचा.

"बाई, नाताळ झाला की मी सोडतोय," त्यानं एका सोमवारी सांगितलं. "पुण्याला चुलतभावानं कंपनीत काम बघून ठेवलंय. ज्याला प्रार्थना करता येत नाही, तो कसला पाळक?"

यावर कुणीच त्याला उपदेश केला नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. प्रार्थनेची वेळ झाली तशी कोपरगावच्यानं आपली खुर्ची ओढून त्याच्या उजव्या हाताला, त्याच्या आणि माझ्या मध्ये आणली.

"आता मी तुझ्या वाट्याला आलो," तो म्हणाला. "वाटेत माझी फटफटी पंक्चर झाली, तर तुझ्या नावानं बोंब मारीन."

जामखेडच्याची पाळी आली. तो गप्प. बराच वेळ गेला तेव्हा मला राहवेना. "मी करू का त्याच्याऐवजी?" मी हळूच विचारलं.

"नको बाई," घोडेगावचा म्हणाला. "ती जागा त्याची आहे. आपण थांबू."

थांबलो. मग कोपरगावच्यानं माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली आणि सगळे घरी गेले. पुढचे कितीतरी सोमवार असेच गेले. कोपरगावचा दर वेळी तीच खुर्ची पकडायचा आणि वर म्हणायचा, "आजबी मी बिनप्रार्थनेचाच चाललो. लई अवघड हाय बाबा!" जामखेडचा ओशाळून हसायचा, पण सोमवार चुकवत नव्हता.

नाताळ जवळ आला. एका सोमवारी कोपरगावचा उशिरा आला आणि पोह्यांना हात न लावता बसून राहिला. घोडेगावच्यानं खोदून विचारलं, तेव्हा कळलं. मंडळीत दोन भावांचं भांडण पेटलं होतं. ते मिटवायला हा गेला आणि वातावरण हलकं व्हावं म्हणून काहीतरी गमतीचं बोलला. थोरला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "आमाला पाळक पायजे हुता, सोंगाड्या न्हाई."

"खरंच हाय ते," कोपरगावचा म्हणाला. "मला दुसरं येतं काय?"

आम्ही प्रार्थनेला बसलो. घोडेगावच्यानं आपली प्रार्थना संपवली. जामखेडच्याची पाळी आली आणि नेहमीसारखी शांतता पसरली. मी कोपरगावच्याच्या प्रार्थनेची वाट पाहू लागले. पण आवाज आला तो दुसराच, घोगरा.

"प्रभू, हा हसवतो म्हणून मी इथं येतो." जामखेडचा बोलत होता. "याचं हसू काढून घेऊ नको. आमेन."

आता पाळी कोपरगावच्याची होती. तो रुमालात तोंड खुपसून बसला होता. त्या सोमवारी माझ्यासाठी कुणी प्रार्थना केली नाही आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

जाताना जामखेडच्यानं गाडीला किक मारली आणि म्हणाला, "बाई, चुलतभावाला काय सांगू?"

"ते तू ठरव," मी म्हटलं.

कोपरगावचा मागून ओरडला, "सांग, की हितं एक सोंगाड्या सांभाळायचा हाय!"

नाताळ झाला. त्यानं पुण्याला जायचा विषय काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे घोडेगावच्याची बदली झाली, त्याच्या जागी आलेला नवा पाळक आता सोमवारी येतो. कोपरगावच्या त्या दोन भावांचं अजून पटलेलं नाही, पण दोघंही उपासनेला येतात. आणि जामखेडचा पाळक अजून जामखेडलाच आहे. त्याच्या प्रार्थना दोन-तीन वाक्यांच्याच असतात, पण त्या तो स्वतः करतो, मोठ्यानं, सगळ्या मंडळीसमोर.