हात काढलास?

टोकावड्याच्या आसपास ज्या घरांत बटण दाबलं की दिवा लागतो, त्यांतल्या निम्म्या घरांची वायरिंग कुंडलिकने केलेली. माणूस मोठा तिरसट. घरमालकाने 'बोर्ड इकडे नको, तिकडे लाव' म्हटलं, की हा पकड खिशात घालून सरळ चहाला निघून जायचा. पण नव्या घरात वीज सोडताना त्याची एक रीत होती आणि ती त्याने कुणाच्या बापासाठी मोडली नाही. ओट्यावर मेन स्विचपाशी उभं राहून तो आत हाक मारायचा, "हात काढलास?" आतून त्याचा जोडीदार लखमा ओरडायचा, "काढला रेऽऽ!" म्हणजे तारेवरचा हात काढला, आता सोड वीज. ते ऐकू आल्याशिवाय कुंडलिकचं बोट स्विचवर जायचं नाही.

आणि स्वतः हा बाबा राहायचा कुठे? तर भावाच्या पडवीत, भिंतीतून वायर ओढून लावलेल्या एका बल्बखाली. बायको वत्सला म्हणायची, "गावभर उजेड करता, आनि आमी हितं चाचपडतो." लखमा खो खो हसायचा. "वयनी, घर बांदा. मेन तो टाकंल, आत मी उभा राहीन. तुमच्या घरात उजेड पडल्याबिगर हा लखमा या कामातून हात काढायचा नाय!"

तो लखमा गेल्या भातकापणीत काविळीने गेला. चांगला धट्टाकट्टा गडी, बघता बघता पिवळा पडला आणि संपला.

त्यानंतरचं पहिलं काम म्हसा गावाच्या वाटेवरचं, दोन खोल्यांचं. कुंडलिक एकटाच होता. काम झालं, ओट्यावर आला आणि सवयीने हाक मारून बसला, "हात काढलास?" लगेच जीभ चावली. घरात चिटपाखरू नव्हतं.

"काढला रे," आतून आवाज आला.

हळू आला, भिंतीला तोंड लावून कुणी बोलावं तसा. कुंडलिकच्या अंगावर सर्रकन काटा आला. आत जाऊन बघतो तर ओल्या गिलाव्याचा वास, आणि कुणीच नाही. मग पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, काम कोण देणार? त्याला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटायची.

अशातच त्याचं स्वतःचं घर उभं राहिलं. डोंगराच्या पायथ्याला, वाट्याला आलेल्या माळावर, वरती पत्रे. वास्तुपूजा दुसऱ्या दिवशी होती, पण वत्सलाने हट्ट धरला होता, पूजेआधीची दिवेलागण आपल्या घरात व्हायला हवी. जन्मात पहिल्यांदा तिने काही मागितलं होतं. ती पाट मागायला शेजारच्या भिमीकडे गेली होती. तिन्हीसांजा झाल्या. आसपास माणूस नाही, वारा नाही. कुंडलिक मेनपाशी उभा राहिला.

"हात काढलास?"

"थांब."

असं कधी झालं नव्हतं. त्याने आत जाऊन दोन्ही खोल्या पाहिल्या, बोर्ड पाहिले. सगळं जिथल्या तिथे. बाहेर येऊन त्याने आवाज चढवला. "लखमा, चेष्टा पुरे. हात काढलास का नाय?"

"थांब रे!"

आता आवाज अगदी उंबऱ्यापाशी होता आणि धापा टाकत होता. कुंडलिकला वाटलं, मेलेल्या माणसाला निघवत नाही की काय? माझ्याच घरात मुक्काम ठोकतो की काय? वत्सलाने आयुष्यभर वाट पाहिली ती याच्यासाठी? भीतीपेक्षा रागच जास्त आला. "मर मेल्या," म्हणत त्याने स्विचवर बोट ठेवलं.

तेवढ्यात घरामागून ओला कपडा झटकल्याचा आवाज आला.

तो धावत मागे गेला. वत्सला परतली होती, पाठीमागच्या पायवाटेने. लुगडं धुऊन वाळत घालत होती. मागच्या दिव्यासाठी त्याने भिंतीतून काढून ठेवलेली वायर लोंबकळत होती ना, तिची तिने दोरी केली होती. सोललेलं टोक कुंपणाच्या लोखंडी खांबाला गुंडाळलेलं. अनवाणी, चिखलात, त्याच खांबाला धरून ती उभी होती.

"हात काढ! हात काढ गो!"

"अगो बाय! वरडता कशाला? दोरी गावली नाय म्हनून..."

कुंडलिक तिथेच चिखलात बसला. काय झालं, काय झालं, म्हणून ती विचारत राहिली. मग उठून त्याने वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली आणि तिला दंडाला धरून ओट्यावर आणलं.

"आता लावा की," ती म्हणाली. "अंधार झाला."

पण त्याला हाक मारवेना. उजेड पडल्याबिगर हात काढायचा नाय, असं लखमा म्हणाला होता. म्हणजे आज त्याने काढला, की काढलाच. यापुढे कुठल्याही रिकाम्या घरातून कुणी ओ देणार नव्हतं. वत्सला अंधारात त्याच्याकडे बघत उभी होती.

"लखमा," तो आत बघत म्हणाला, "हात काढलास?"

वरचा पत्रा एकदा कडकडला.

"काढला रेऽऽ!"

जुना, खणखणीत, हसरा आवाज. वत्सलाने कुंडलिकचा दंड गच्च आवळला. "अवो, आत कोन हाय?"

त्याने मेन टाकला. दोन्ही खोल्या भक्कन उजळल्या. नवा चुना, कोरी फरशी, कुणी नाही. कुंडलिक उंबऱ्यावर टेकला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"लखमा व्हता गो," तो म्हणाला. "गेला."